१२० तास कोणी तपासायचे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांच्या परीक्षा संपत आल्या की बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कार्यालयाच्या दाराशी विद्यार्थ्यांची ये-जा सुरू होते. हातात प्लॅस्टिकचे फोल्डर, त्यात महाविद्यालयाचे शिफारसपत्र आणि बोलण्यात संकोच असलेली ही मुलेमुली विचारतात, "मॅडम, इथे इंटर्नशिप मिळेल का?" मी हो म्हटले, की बहुतेकांचा पुढचा प्रश्न कामाविषयी नसतो. "सर्टिफिकेट मिळेल ना?" असे ते विचारतात. याबद्दल मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण महाविद्यालय मागते ते प्रमाणपत्र, घरचे विचारतात ते प्रमाणपत्र आणि पुढे मुलाखतीत दाखवायचे तेही प्रमाणपत्रच, असे त्यांना सांगण्यात आलेले असते. मात्र आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या पेढीत, म्हणजे बोलण्यात ज्याला क्लिअरिंग एजंट म्हणतात तिथे, तीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर आणि गेल्या काही वर्षांत वीसेक विद्यार्थ्यांना हाताखाली घेतल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. विद्यार्थ्याने इंटर्नशिपची जागा निवडताना सर्वांत आधी हे विचारावे, की मी केलेले काम इथे रोज कोण तपासणार आहे? या एका प्रश्नाचे उत्तर ज्या ठिकाणी मिळत नाही, तिथे फळ्यावर कितीही मोठे नाव असले, तरी मुलाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातील पदवी अभ्यासक्रमांची जी नवी आखणी झाली, तिच्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, मुले ज्याला ओजेटी म्हणतात त्याला, श्रेयांक मिळाले. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. प्रशिक्षणाचे ४ श्रेयांक आणि एका श्रेयांकाचे ३० तास, या हिशेबाने विद्यार्थ्याच्या वाट्याला १२० तास येतात. रोज सहा तास धरले तर हे कामाचे वीस दिवस होतात. वीस दिवसांत कोणताही धंदा शिकून होत नाही, हे खरे आहे. परंतु आपले काम दुसऱ्याच्या उपयोगाचे कधी ठरते आणि कधी ठरत नाही, ही समज येण्यासाठी वीस दिवस पुरतात, असे मी अनुभवाने सांगू शकते. अट एवढीच, की त्या वीस दिवसांत विद्यार्थ्याच्या हातून खरे काम व्हावे आणि ते कुणीतरी बारकाईने पाहावे.

आपल्याकडे यासाठी उमेदवारी हा फार चांगला शब्द आहे. आज तो निवडणुकीपुरता उरला असला, तरी पुढे जागा मिळेल या आशेवर कचेरीत वा दुकानात काम शिकत राहणाऱ्याला आपल्या आजोबांच्या पिढीत उमेदवार म्हणत असत, आणि १९६१ च्या अप्रेंटिसेस अॅक्टच्या मराठी नावातही 'शिकाऊ उमेदवार' हेच शब्द आहेत. मी स्वतः १९९३ साली बी.कॉम. होऊन फोर्टमधल्या एका पेढीत उमेदवारीला लागले. तिथे तीन महिने मला एका जाड नोंदवहीत पत्ते उतरवून काढण्याचे काम दिले होते. ती वही कोणी उघडत नसे. माझे अक्षर चांगले आहे की वाईट, पत्ते बरोबर आहेत की चूक, हे शेवटपर्यंत कोणी पाहिले नाही. त्या तीन महिन्यांत मी वेळेवर गेले, वेळेवर परतले आणि काहीही शिकले नाही.

नंतर सध्याच्या कार्यालयात आले, तेव्हा बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सकडे दाखल करायचे विवरणपत्र, टाइपरायटरवर, कार्बन लावून टाइप होत असे. आमचे एक वयस्कर कारकून होते, त्यांना सगळे काका म्हणत. मी टाइप केलेला प्रत्येक कागद ते लाल पेन्सिल हातात घेऊन वाचायचे आणि चूक सापडली की ती न दाखवताच कागद परत करायचे. "एक चूक आहे. शोध," एवढेच म्हणायचे. सुरुवातीला मला त्यांचा राग येत असे, कारण कागद पाच-पाच वेळा वाचावा लागे. दीड-दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आले, की कागद त्यांच्याकडे नेण्याआधीच मी तो त्यांच्या डोळ्यांनी वाचू लागले आहे. पुढच्या तीस वर्षांत मी जे काही शिकले, त्याचा पाया त्या दोन महिन्यांत घातला गेला.

तपासणी म्हणजे नेमके काय, हे आमच्याच कामातील एका उदाहरणाने सांगते, कारण सर्वसाधारण उपदेशाने मुलांना काही कळत नाही. बाहेरून आलेल्या मालावर सीमाशुल्क आकारताना केवळ मालाची किंमत धरत नाहीत, तिच्यात जहाजाचे भाडे आणि विमाही मिळवतात. विक्रेत्याच्या बिलावर एफओबी असे लिहिले असेल, तर त्या किमतीत भाडे व विमा आलेले नसतात, म्हणून ते वेगळे मिळवावे लागतात. प्रत्यक्ष भाडे किती हे कळण्यासारखे नसेल तर नियमानुसार एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. बिलावर सीआयएफ लिहिले असेल, तर दोन्ही खर्च आधीच किमतीत असतात. वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी या दोन्ही संज्ञांच्या व्याख्या परीक्षेत लिहून आलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी अंबरनाथहून येणारी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे होती. बिल ऑफ एन्ट्री दाखल करण्यापूर्वी आम्ही जी चेकलिस्ट बनवतो, ती तयार करण्याचे काम मी तिला तिसऱ्या दिवशी दिले. माल साधारण १० लाख रुपयांचा होता आणि बिल सीआयएफ होते. तिने ते एफओबी धरून त्यावर २ लाख रुपये भाडे आणि ११,२५० रुपये विमा चढवला, त्यामुळे शुल्क ज्या किमतीवर आकारले जाणार ती १२,११,२५० रुपये झाली. तो कागद तसाच पुढे गेला असता, तर आमच्या ग्राहकाने २,११,२५० रुपयांवर विनाकारण शुल्क भरले असते. काकांची पद्धत मी उचलली आहे, म्हणून मीही तिला कागद परत देऊन चूक शोधायला सांगितले. तिला चाळीस मिनिटे लागली. चूक सापडल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ही व्याख्या मला पाठ होती, पण ती बिलावर कुठे असते ते मी कधी पाहिलेच नव्हते." एका हुशार मुलीने तीन वर्षांच्या शिक्षणानंतर उच्चारलेले ते वाक्य मी विसरू शकलेले नाही.

त्यानंतर आठवडाभरात याच मुलीने एका मालाच्या पॅकिंग लिस्टवरील एकूण वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरील, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरील, वजन जुळत नसल्याचे स्वतःहून माझ्या नजरेस आणले. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नजरेतून ते सुटले होते. अशी विसंगती माल बंदरावर आल्यावर उघडकीस आली, की कागद दुरुस्त होईपर्यंत माल अडकतो आणि कंटेनरचे डिटेन्शन, म्हणजे तो अडकवून ठेवल्याचा आकार, चढत राहते. मुळात बिल ऑफ एन्ट्री साधारणपणे जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावी लागते आणि तिला उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. जिथे चुकीची किंमत अशी रुपयांत मोजता येते, तिथे तपासणारा माणूस आपोआप सावध असतो आणि त्याच्या शेजारी बसणारे मूलही सावध होते. सनदी लेखापालांच्या हाताखालच्या उमेदवारीला, म्हणजे आर्टिकलशिपला, तिचा काळ जुलै २०२३ पासून तीन वर्षांऐवजी दोन वर्षे झाला असला, तरी आजही जी किंमत आहे, ती याच कारणाने आहे: अशा उमेदवाराने तपासलेल्या कागदांवर अखेर लेखापालाला स्वतःची सही करायची असते. वैद्यकीय शाखेत एक वर्षाची आंतरवासिता असते, तिथेही नव्या डॉक्टरने लिहिलेला केसपेपर वरिष्ठ वाचतात. वाणिज्य, कला आणि विज्ञान शाखेच्या मुलांसाठी मात्र ही साखळी अजून बांधली गेलेली नाही.

पालकांना मोठ्या कंपनीचे नाव हवे असते, हे मी समजू शकते. बीकेसीतल्या किंवा लोअर परळच्या काचेच्या इमारतीत आपले मूल गळ्यात ओळखपत्र घालून जाते, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मोठ्या कंपनीत प्रशिक्षणाची चांगली व्यवस्था असेल तर तिथे अवश्य जावे. तशी खात्री नसेल तर मशीद बंदरचा व्यापारी, भांडुप-कांजूरच्या औद्योगिक वसाहतीतला लघुउद्योजक, आपल्याच उपनगरातील करसल्लागार, वस्तीतली सहकारी पतपेढी, एखादे छोटे वृत्तपत्र किंवा मुद्रणालय यांना कमी लेखू नये. लहान ठिकाणी एखादे काम मागणीपासून वसुलीपर्यंत पूर्ण डोळ्यांसमोरून जाते, आणि मालकाचे टेबल चार हातांवर असल्यामुळे प्रश्न विचारायला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. वीस दिवसांच्या माणसाला मोठ्या यंत्रणेचा एखादा लहानसा भागच दिसतो आणि पुष्कळदा तोही दुरूनच.

एक इशारा मात्र स्पष्ट शब्दांत द्यायला हवा. इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याकडूनच नोंदणीशुल्क, प्रशिक्षणशुल्क किंवा प्रमाणपत्राचे शुल्क मागणाऱ्या जाहिराती मुलांच्या मोबाइलवर सतत येत असतात. काही दिवस चित्रफिती पाहायच्या, एक प्रश्नपत्रिका सोडवायची आणि रंगीत प्रमाणपत्र डाउनलोड करायचे, असा तो व्यवहार असतो. काम करून घेणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. पालकांनी एवढी खूणगाठ बांधली, तरी बरीच मुले फसण्यापासून वाचतील.

जागा मिळाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण पुढचे सगळे तिथेच ठरते. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याने दोन वह्या ठेवाव्यात. एकीत त्या धंद्यातले शब्द लिहावेत. प्रत्येक कार्यालयाची एक भाषा असते आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. आमच्याकडे 'चेकलिस्ट आली का', 'आउट ऑफ चार्ज झाला का', 'डीओ सुटला का' अशी वाक्ये दिवसभर कानांवर पडतात, आणि नवे मूल पहिले चार दिवस ती नुसती ऐकत बसते. ऐकलेला शब्द लिहून ठेवला आणि संध्याकाळी अर्थ विचारला, तर आठवड्याभरात त्याला कार्यालयातले बोलणे समजू लागते. दुसऱ्या वहीत दिवसाची नोंद असावी: आज कोणते काम केले, त्यात काय चुकले, ते कोणी दाखवले आणि पुन्हा करताना काय बदलले. महाविद्यालये लॉगबुक देतात, पण त्यात 'कागदपत्रांचा अभ्यास केला', 'कार्यालयीन कामकाजाचे निरीक्षण केले' अशी वाक्ये भरलेली असतात. ज्या नोंदीत चूक लिहिलेली नाही, तिच्यावरून त्या मुलाने खरोखर काय केले हे मला कधीच कळत नाही.

इथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. एका वर्षी एक विद्यार्थी वीस दिवसांपैकी जेमतेम सहा दिवस आला आणि शेवटच्या दिवशी एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले संपूर्ण लॉगबुक घेऊन समोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ते जमा करायचे होते, त्याचे वर्ष वाया जाईल असे तो म्हणाला, आणि मी सही केली. ती सही मी करायला नको होती. मी त्याच्यावर दया केली असे मला त्या वेळी वाटले. प्रत्यक्षात, जो मुलगा सहा दिवसांत चांगले प्रश्न विचारत होता, त्याला उरलेले चौदा दिवस येण्यास सांगण्याचे कष्ट मी टाळले. अशा सह्या या शहरात माझ्यासारख्या अनेकांनी केल्या असतील. त्या थांबल्याशिवाय या १२० तासांना किंमत येणार नाही.

प्रश्न कधी विचारावेत, हेही मुलांना सांगावे लागते. दर पाच मिनिटांनी उठून विचारणारा आणि दिवसभर गप्प बसून शेवटी कोरा कागद दाखवणारा, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी मी पाहिले आहेत. मुलांनी प्रश्न वहीत लिहीत जावे, त्यांतल्या काहींची उत्तरे जुन्या फायलींत स्वतः शोधावीत आणि उरलेले घेऊन कामाचा रेटा कमी झाल्यावर, आमच्याकडे साधारण साडेतीननंतर, एकदाच बसावे. चूक झाल्याचे लक्षात आले तर मात्र साडेतीनची वाट पाहू नये, त्याच क्षणी येऊन सांगावे. लगेच सांगितलेल्या चुकीबद्दल मी आजपर्यंत कोणाही विद्यार्थ्याला रागावलेले नाही. लपवलेल्या चुकीमुळे मात्र एका निर्यातदाराचा माल ठरलेल्या जहाजावर चढू शकला नव्हता, आणि तो दिवस त्या मुलालाही फार जड गेला.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांशी मला दोन शब्द बोलायचे आहेत, कारण मीही त्यातलीच आहे. कार्यालयात सगळे इंग्रजीत चालते या भीतीने ही मुले तोंड उघडत नाहीत, आणि न बोलणाऱ्याला काही येत नाही असा समज होतो. वस्तुतः कामाचे इंग्रजी मर्यादित असते. कागद मिळाल्याचे कळवणे, राहिलेला कागद मागणे, उशिराचे कारण सांगणे, दुरुस्ती सुचवणे, अशा आठ-दहा प्रकारच्या पत्रांवर आमचे बहुतेक कामकाज चालते. कार्यालयातील जुने ई-मेल वाचून त्यांतली वाक्ये वहीत उतरवून घेतली आणि रोज एक ई-मेल स्वतः लिहून वरिष्ठांना दाखवला, तर वीस दिवसांत भीती पुष्कळ कमी होते. हल्ली मुले असे ई-मेल चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. भाषा सुधारण्यापुरती मदत घेण्यास माझी हरकत नाही, परंतु जे वाक्य स्वतःला समजावून सांगता येत नाही ते पाठवू नये. त्याहून महत्त्वाचे असे, की ग्राहकाचे बिल, किमती, पुरवठादारांची नावे अशा गोष्टी कोणत्याही बाहेरच्या संकेतस्थळावर टाकू नयेत. आमच्या धंद्यात एका व्यापाऱ्याचा दर दुसऱ्याला कळणे म्हणजे विश्वासघात समजला जातो, आणि हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगण्याची जबाबदारी आम्हा वरिष्ठांची आहे. एक्सेलविषयी वेगळे लिहीत नाही. ते आलेच पाहिजे आणि ते पहिल्या वर्षापासून शिकता येते.

आता मुलांच्या अडचणी. बदलापूरला राहणाऱ्या आणि उल्हासनगरला शिकणाऱ्या मुलाला रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढ्याच अंतराचा मिळतो. इंटर्नशिपसाठी त्याला सीएसएमटीला यायचे तर उरलेल्या अंतराचे पूर्ण भाडे भरावे लागते. त्यात दुपारचे जेवण आणि स्थानकापुढचा प्रवास मिळवला, तर विनावेतन इंटर्नशिप घरच्यांना बऱ्यापैकी खर्चात टाकते. संध्याकाळी दुकानात किंवा शिकवणीवर काम करून स्वतःची फी भरणारी मुले आजही मुंबईत आहेत, आणि त्यांच्यासाठी हे १२० तास म्हणजे बुडालेली कमाई असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही कल्पना रुजवली, तेव्हा मुलाच्या श्रमाचे मोल झाले पाहिजे हे त्यात गृहीत होते. निदान प्रवासखर्च आणि जेवण एवढे तरी प्रत्येक आस्थापनेने द्यावे, आणि महाविद्यालयाच्या पत्राच्या आधारे प्रशिक्षणकाळासाठी कामाच्या ठिकाणापर्यंत सवलतीचा पास मिळावा, यासाठी विद्यापीठाने रेल्वेशी बोलावे. ज्यांना रोज दक्षिण मुंबई गाठणे परवडत नाही, त्यांनी ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई या भागांतील गोदामे आणि कारखाने पाहावेत. तिथेही शिकण्यासारखे खूप आहे.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, मग त्यांना मोबदला मिळत असो वा नसो. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. महाविद्यालयाने शिफारसपत्र देतानाच ही माहिती प्रत्येक मुलीच्या हातात द्यावी.

सरकारी योजनांबाबतही बराच गोंधळ दिसतो. २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मात्र ही योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही, ती शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे. पदवीनंतर लगेच नोकरी न मिळालेल्या मुलांनी शिकाऊ उमेदवारीचाही विचार करावा. तिच्यात करार असतो, मुदत ठरलेली असते आणि विद्यावेतन कायद्याने द्यावे लागते. २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीधर शिकाऊ उमेदवारासाठी ते दरमहा किमान ९,००० रुपये ठरले होते. शिकाऊ उमेदवारीचे पश्चिम विभागासाठीचे प्रशिक्षण मंडळ आपल्याच शहरात, शीव येथे आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकालाही हे ठाऊक नसते, याचे मला दर वर्षी वाईट वाटते. प्रत्येक क्षेत्रात अशा पायऱ्या असतात. आमच्या क्षेत्रात परीक्षा देऊन 'जी-कार्ड' हे कस्टम्सचे ओळखपत्र मिळवलेल्या माणसाला कस्टम्समध्ये पेढीच्या वतीने काम करता येते, आणि त्याला नोकरी शोधत फिरावे लागत नाही. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलाला या परीक्षेची माहिती पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी झाली, तर तो तयारीला लागू शकतो. पण त्यासाठी त्याने निदान एकदा तरी अशा कार्यालयात येऊन बसायला हवे.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घेताना विद्यार्थ्याने त्यावर कामाचा तपशील लिहून मागावा. 'इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली' या वाक्याने मुलाखत घेणाऱ्याला काही कळत नाही. 'आयातीच्या अमुक इतक्या चेकलिस्ट तयार केल्या, वजन व किमतींची पडताळणी केली' असे लिहिलेले असेल, तर समोरचा माणूस त्यावर प्रश्न विचारतो आणि ज्याने खरेच काम केले आहे तो त्यावर अर्धा तास बोलू शकतो. नोकरीच्या अर्जातही हेच लिहावे. दोन-तीन महिन्यांनी आपल्या वरिष्ठांना एखादा ई-मेल पाठवून आपण सध्या काय करतो आहोत हे कळवावे. अंबरनाथच्या त्या मुलीने असा ई-मेल पाठवला होता. तिच्यासाठी न्हावाशेव्याच्या एका पेढीत शब्द टाकताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, कारण तिचे काम मी वीस दिवस ओळ न् ओळ पाहिले होते.

महाविद्यालयांतील प्राध्यापकांवर किती विद्यार्थ्यांचा भार असतो, याची मला कल्पना आहे, म्हणून प्रत्येकाने प्रत्येक कार्यालयाला भेट द्यावी असे मी म्हणणार नाही. प्रशिक्षणाच्या मध्यावर कार्यालयात एक दूरध्वनी करावा आणि शेवटी चाळीस पानांच्या अहवालाऐवजी विद्यार्थ्याला दहा मिनिटे समोर बसवून, त्याने हाताळलेल्या एखाद्या कागदाचा नमुना, नावे व रकमा झाकून, समजावून सांगायला लावावे. अहवाल दुसऱ्याकडून लिहून घेता येतो, पण हे दहा मिनिटांचे बोलणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

विद्यापीठाला माझी एक विनंती आहे. कार्यप्रशिक्षणाच्या मूल्यमापनपत्रकात हजेरी, वर्तणूक, वक्तशीरपणा असे रकाने असतात. त्यांच्याबरोबर 'विद्यार्थ्याने केलेले काम कोणी तपासले' असा एक रकाना घालावा, त्यात त्या व्यक्तीचे नाव, हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक असावा, आणि त्याखाली विद्यार्थ्याने दुरुस्त केलेल्या किमान तीन चुका त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलेल्या असाव्यात. हा बदल करण्यासाठी पैसे लागत नाहीत, आणि येत्या जूनपासून तो करता येण्यासारखा आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई